भाड्याने दिलेलं नाव

२०१२च्या सुरुवातीला मी औरंगाबादहून ऑकलंडला शिकायला आलो. कॉलेज म्हणजे शहरातल्या एका इमारतीचा तिसरा मजला होता, खाली सुशीचं दुकान. एक वर्षाचा डिप्लोमा, मग नोकरी शोधायचा व्हिसा, आणि त्या मुदतीत सरकारला 'स्किल्ड' वाटेल अशी नोकरी मिळाली तर पुढचं आयुष्य. आधी मी एका डेअरीत गल्ल्यावर उभा राहिलो. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दूध सगळ्यात मागच्या फ्रिजमध्ये असतं. मग पुकेकोहेला कांदे निवडायच्या शेडमध्ये गेलो. अंगाला, चादरीला, मोबाइलच्या कव्हरलासुद्धा कांद्याचा वास यायचा. फोनवर आई विचारायची, "काम इंजिनिअरिंगचंच आहे ना?" मी म्हणायचो, "हो, क्वालिटी कंट्रोल."

व्हिसा संपायला थोडे महिने उरले असताना माउंट रोस्किलजवळच्या एका ऑडिओच्या दुकानाला सोल्डरिंग येणारा माणूस हवा आहे, असं कळलं. दुकानात पुढे टर्नटेबल, स्पीकर आणि सत्तरच्या दशकातले चंदेरी तोंडाचे जपानी ॲम्प्लिफायर मांडलेले होते. मागे दुरुस्तीचं बेंच. मालक पन्नाशीचा, उंच, बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालणारा गोरा माणूस. "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला, एक बंद पडलेला ॲम्प्लिफायर माझ्यापुढे ठेवला आणि कॉफी आणायला निघून गेला. तो परत आला तेव्हा दोन फुगलेले कपॅसिटर बदलून मी तो चालू केला होता. "स्वीट ॲज," म्हणजे 'झकास', एवढंच म्हणून त्याने मला ठेवून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा सोपा होता. अवघड वाटा माझा होता.

पुढच्या वर्षी बायको आली. फ्लॅट बुश या उपनगरात एका पुण्याच्या आयटीवाल्या जोडप्याच्या मोठ्या घरात आम्ही दोन खोल्या घेतल्या. मी रोज मोटरवेच्या रांगेत उभा राहून कामाला जायचो. माझा वर्क व्हिसा दुकानाच्या नावाशी बांधलेला होता. दुकान सुटलं की देश सुटला.

त्या काळात लोकांना पुन्हा रेकॉर्डचं वेड लागलं होतं. वडिलांच्या गॅरेजमधला स्टिरिओ घेऊन मुलं यायची. मालकाच्या डोक्यात आलं की प्रत्येक यंत्राशेजारी त्या कंपनीची पार्श्वभूमी सांगणारं एक कार्ड ठेवायचं आणि तोच मजकूर वेबसाइटवर घालायचा.

"तू इंजिनिअर आहेस, तू लिही," तो म्हणाला. "सर्किटबद्दल नको. माणसांबद्दल लिही."

मला ते काम मनापासून आवडलं. बेंचवरचं काम आटोपलं की मी वाचत बसायचो. एका कंपनीचा मूळ पुरुष शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करायला गेला आणि तिथून वाद्यांचा कारखाना उभा राहिला. दुसरीकडे एका धर्मोपदेशकाच्या मुलाने परदेशी लाउडस्पीकर ऐकला आणि तसा आपण करायचाच असं मनावर घेतलं. तिसरी कंपनी युद्धानंतर, जळालेल्या शहरात, लोकांचे रेडिओ दुरुस्त करता करता सुरू झाली. अमेरिकन सैनिक घरी परतताना जपानी स्टिरिओ बरोबर न्यायचे आणि अशी ती नावं समुद्रापार गेली. खायला नाही, राहायला नाही, आणि माणसं संगीत स्वच्छ ऐकू यावं म्हणून तारा गुंडाळत बसली होती! बायकोला मी हे सगळं जेवताना सांगायचो. ती म्हणायची, "कांद्यापेक्षा बरं आहे."

२०१४च्या हिवाळ्यात एक म्हातारे जपानी गृहस्थ दुकानात आले. अंगावर इस्त्रीचा कोट, हातात कापडी पिशवी. त्यांना त्यांच्या कॅसेट डेकचा पट्टा हवा होता. मी पट्टा शोधेपर्यंत ते एका ॲम्प्लिफायरसमोर उभे राहून माझं कार्ड वाचत होते. मी आलो तेव्हा त्यांनी खिशातून पेन्सिल काढली होती.

"परवानगी आहे?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. कार्डावर मी लिहिलं होतं की या कंपनीचा संस्थापक संगीतप्रेमी होता आणि त्याचा कान फार तयार होता. त्यांनी 'कान तयार' खाली रेघ मारली.

"ते एका कानाने बहिरे होते," ते म्हणाले. "गाण्यातलं त्यांना काहीही कळत नव्हतं. ते ट्रान्सफॉर्मर बनवायचे. त्या वेळी बाजारात मिळणारे ट्रान्सफॉर्मर जळायचे, म्हणून त्यांनी न जळणारे बनवले. एवढंच."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिथे तीस वर्षं होतो."

मी कार्ड काढून घेतलं आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

ते हिल्सबरोला राहायचे. बायको वारली होती, मुलगी इथे लग्न करून आलेली, म्हणून तेही आले होते. मुलगी वेलिंग्टनला गेली आणि हे घरात एकटे उरले. शनिवारी दुकान चालू असल्यामुळे मला गुरुवारी सुट्टी असायची. मी गुरुवारी त्यांच्याकडे जायला लागलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मानुकाऊची खाडी दिसायची; ओहोटीला नुसता करडा चिखल. ते भाजक्या पानांचा चहा करायचे. मी घरून चिवडा न्यायचो. त्यातले शेंगदाणे ते आधी वेचून खायचे आणि मग उरलेल्या चिवड्याकडे अपराधी नजरेने बघायचे. आमच्या घरात त्यांचा उल्लेख 'आजोबा' असाच व्हायचा. आमची मुलगी त्या वर्षी जन्मली. तिच्यासाठी त्यांनी कागदाच्या घड्या घालून केलेले पक्षी पाठवले होते.

आमचं दोघांचंही इंग्रजी उसनं. त्यामुळे दोघेही सावकाश, मोजकं बोलायचो आणि ते मला बरं वाटायचं. मी वहीत मराठीत टिपून घ्यायचो.

कंपनीचा पहिला कारखाना रेशीम काढायच्या जुन्या शेडमध्ये होता. रेशमाचा धंदा बसला होता, आणि त्या शेडमधल्या बायकांनाच संस्थापकांनी कॉइल गुंडाळायला बसवलं. तुटायला आलेला धागा त्यांच्या बोटांना आधी कळायचा. तांब्याची केसासारखी तारही तशीच कळायची. आजोबा अठराव्या वर्षी लागले तेव्हा त्यांना पहिली दोन वर्षं फक्त ऐकायला बसवलं होतं. आवाजाचं बटण शून्यावर ठेवायचं आणि स्पीकरला कान लावायचा. काहीही ऐकू आलं नाही तर यंत्र पास.

"काहीही न ऐकण्याचा पगार?" मी विचारलं.

"दोन वर्षं," ते म्हणाले आणि हसले. "माझी बायको म्हणायची, म्हणून तुम्ही माझंही ऐकत नाही."

तपासणाऱ्या प्रत्येकाचा एक लहान गोल लाल शिक्का असायचा, त्यात नंबर. झाकणाच्या आतल्या बाजूला तो मारायचा, जिथे गिऱ्हाइकाची नजर कधीच जाणार नाही. त्यांचा नंबर सतरा. काही महिन्यांनी दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका ॲम्प्लिफायरमध्ये मला तो सापडला. मी मोबाइलवर फोटो काढून गुरुवारी त्यांना दाखवला. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"वाकडा मारलाय," ते म्हणाले. मग उठून चहाचं पाणी पुन्हा तापत ठेवलं. आधीचा चहा अजून संपला नव्हता.

बाकीची हकीकत त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितली. येन महाग झाला, बाहेरच्या देशांत माल परवडेना. कंपनीने कारखाना मलेशियात नेला आणि आजोबांना तिथल्या कामगारांना शिकवायला पाठवलं. "मी चांगला शिक्षक होतो," ते म्हणाले. "दोन वर्षांत त्यांना माझी गरज उरली नाही. कंपनीलाही नाही." पुढे लोकांनी घरात मोठे स्टिरिओ ठेवायचंच सोडून दिलं. कंपनी बुडाली तेव्हा जमीन एकाने घेतली, यंत्रं दुसऱ्याने, आणि नाव तिसऱ्याने. रेशमाच्या शेडच्या जागी सुपरमार्केटचं पार्किंग आलं. नाव विकलं गेल्याचं त्यांना पेपरात वाचून कळलं.

"नावही विकतात, हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ते भाड्याने देतात म्हणे. या देशात एकाला, त्या देशात दुसऱ्याला. भारतातही गेलं होतं असं ऐकलं. तुम्ही कधी पाहिलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही. भारत मोठा देश आहे."

इथे मला थोडं मागे जावं लागेल. न्यूझीलंडला येण्याआधी मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात दोन वर्षं होतो. तिथे टीव्ही आणि म्युझिक सिस्टिम जुळवल्या जायच्या. आतला सगळा माल बाहेरून तयार यायचा. आम्ही स्क्रू पिळायचो, चालू करून बघायचो आणि शेवटी पुढच्या बाजूला नावाची पट्टी चिकटवायचो. कारखान्याने तीन-चार नावं भाड्याने घेतलेली होती आणि त्यातलं एक आजोबांच्या कंपनीचं होतं. माझी नेमणूक लाइनच्या अगदी टोकाला होती. पट्टी सरळ बसली का, ओरखडा नाही ना, हे बघायचं. खऱ्या अर्थाने क्वालिटी कंट्रोल म्हणावं असं आयुष्यात मी तेवढंच केलं होतं.

माझ्या वडिलांनी तीच म्युझिक सिस्टिम घरी आणली होती. ते शाळेत क्लार्क होते, घरात पहिल्यांदाच अशी वस्तू आली होती. आल्यागेल्याला ते सांगायचे, "जपानी आहे. बास ऐका." मी शेजारी उभा असायचो आणि काही बोलायचो नाही. तिचा बास भांड्यासारखा वाजायचा.

आजोबांनी विचारलं तेव्हा हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. व्हिसाची भीती तिथे नव्हती. त्या स्वयंपाकघरात माझ्याकडून कोणाला काही नको होतं. पण त्या टेबलापाशी मी एक जाणकार तरुण इंजिनिअर होतो, जुन्या कारागिरीची कदर असलेला. तिथे मला पट्ट्या चिकटवणारा व्हायचं नव्हतं.

२०१६ मध्ये मालक एका व्यापारी मेळ्याला सिडनीला गेला आणि खूश होऊन परत आला. आजोबांच्या कंपनीचं नाव त्या वेळी ज्यांच्याकडे होतं, त्यांनी नवा ॲम्प्लिफायर काढला होता. अगदी जुन्यासारखा, चंदेरी तोंड, जड वाटणारी बटणं, पिवळसर दिवा. न्यूझीलंडमध्ये तो फक्त आमच्या दुकानात मिळणार होता. पहिला नग आला तेव्हा मी झाकण उघडलं. तळाशी वजन वाढवायला एक लोखंडी पट्टी बसवलेली होती. बाकी हातभर पोकळी आणि कोपऱ्यात तळहाताएवढा बोर्ड.

मी मालकाला दाखवलं.

"वाजतो ना?" त्याने विचारलं.

"वाजतो."

"नाव खरं आहे ना? कागदपत्रं आहेत, लायसन्स आहे. सगळं कायदेशीर आहे, मेट."

ते खरंच होतं. सगळं कायदेशीर होतं. वाळूजलाही कायदेशीरच होतं.

मग त्याने सांगितलं, की एका शनिवारी सकाळी दुकानात छोटासा समारंभ करू, नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलवू. मोठं पोस्टर करू, एक पुस्तिका छापू. "तुझ्या त्या म्हाताऱ्या मित्राच्या गोष्टी घाल. रेशमाच्या बायका, बहिरा संस्थापक, लाल शिक्का. लोक वेडे होतील."

"पण त्या या यंत्राच्या गोष्टी नाहीत."

"या नावाच्या आहेत."

माझा कायम वास्तव्याचा अर्ज त्या वेळी तयार होत होता. त्याला मालकाचं पत्र लागणार होतं: मी नेमकं काय काम करतो, किती कुशल आहे, दुकानाला माझी किती गरज आहे. त्याने धमकी दिली नाही. मी वर्षानुवर्षं मनाला समजावत आलो की ती धमकीच होती, पण नव्हती. तो एवढंच म्हणाला, "सोमवारपर्यंत मजकूर दे, सोमवारीच तुझं पत्रही करून टाकू." त्याच्या दृष्टीने ती दोन टाइप करायची कामं होती.

मी मजकूर लिहिला. माझ्या वहीतून सरळ उतरवला. रेशमाची बोटं लिहिली, शून्यावरचं बटण लिहिलं, झाकणाच्या आतला शिक्का लिहिला. शेवटी एक वाक्य घातलं की हा नवा ॲम्प्लिफायर त्याच हातांचा वारसा आहे. ते वाक्य माझं आहे. मालकाने सुचवलं नव्हतं.

आणि फोटो. आजोबांकडे टेस्ट बेंचवरचा एक जुना फोटो होता. तरुण आजोबा, शेजारी पाच-सहा सहकारी, सगळे पांढऱ्या टोप्यांत. त्यांच्या मुलीला मोठा करून हवा म्हणून त्यांनी तो स्कॅन करायला माझ्याकडे दिला होता. मालकाने विचारलं, "त्या काळातला एखादा फोटो मिळेल का?" मी म्हणालो, "माझ्याकडे आहे."

"त्यांना विचारायला हवं," असंही मी म्हणालो.

"अर्थात," मालक म्हणाला. "समारंभाला बोलव ना. सरप्राइज देऊ."

बायकोने पुस्तिकेचं प्रूफ घरी पाहिलं. ती एकदाच म्हणाली, "आजोबांना दाखवलंस?"

"शनिवारी बघतीलच."

तिने पुढे विचारलं नाही. तिलाही ते पत्र हवंच होतं.

शनिवारी आजोबा बसने आले. राखाडी सूट, टाय, हातात मालकासाठी कागदात बांधलेली केकची पेटी. दाराशीच त्यांना पोस्टर दिसलं. भिंतभर मोठं, त्यात ते तरुण, आणि वर कंपनीचं नाव. ते थांबले. पोस्टरमधल्या प्रत्येक चेहऱ्याकडे त्यांनी एकेक करून पाहिलं, डावीकडून उजवीकडे. मला वाटलं, त्यांना भरून आलंय. मी अजूनही तसं वाटून घ्यायला तयार होतो.

मग ते नव्या ॲम्प्लिफायरकडे गेले. त्यांनी आधी आवाजाचं बटण शून्यावर नेलं आणि वाकून स्पीकरला कान लावला. दुकानात वीसेक माणसं होती, हातात चीज आणि बिस्किटं. आजोबा तसेच वाकून राहिले. त्यांना काहीतरी ऐकू येत होतं. मी बेंचवर ऐकलं होतं, बारीक गुणगुण. सरळ होऊन त्यांनी खिशातला छोटा टॉर्च काढला आणि वरच्या झाकणाच्या फटींतून आत उजेड टाकला. असं बघायला फार वेळ लागत नाही.

मालकाने लोकांना सांगितलं की हेच ते फोटोतले गृहस्थ, आणि त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा लोकांकडे वळले.

"फोटोतली माणसं माझ्या ओळखीची आहेत," ते सावकाश म्हणाले. "त्यातले दोघे आता नाहीत. हे यंत्र माझ्या ओळखीचं नाही. मला त्याच्याबद्दल बोलता येणार नाही. माफ करा."

त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, केकची पेटी काउंटरवर ठेवली आणि बाहेर गेले. मालक हसून म्हणाला, "जुनी माणसं आपल्या काळाशी किती इमानी असतात बघा!" त्यावरही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सकाळी चार ॲम्प्लिफायर विकले गेले.

मी त्यांच्यामागे बस स्टॉपवर गेलो. ते बाकावर बसले होते, पुस्तिका मांडीवर उघडी.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"चांगलं लिहिलंय. इंग्रजी सोपं आहे." त्यांनी पान उलटलं. "आत काय आहे ते तुम्ही पाहिलं होतं? लिहिण्याआधी?"

"पाहिलं होतं."

त्यांनी पुस्तिका मिटली. मला वाटलं, आता सगळंच सांगून टाकावं. त्यात प्रामाणिकपणा किती होता आणि स्वतःला मोकळं करून घेण्याची घाई किती, ते सांगता येत नाही.

"मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती," मी म्हणालो. "भारतात मी ज्या कारखान्यात होतो, तिथे तुमच्या कंपनीचं नाव लावायचो."

"लावायचो म्हणजे?"

मी अंगठ्याने हवेत दाबून दाखवलं. "मागे गोंद असतो. वरचा कागद काढायचा आणि दाबायचं. सरळ बसलं का ते बघायचं माझं काम होतं."

"सरळ बसायचं?"

"हो."

त्यांनी मान डोलावली, जशी कामाची माहिती ऐकताना डोलवायचे तशी. मग म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं. माझ्या घरी."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"का?"

बस आली. ते उठले, कोट सारखा केला.

"माझा फोटो गुरुवारी घेऊन येऊ नका," ते म्हणाले. "पोस्टाने पाठवा."

मी सोमवारी फोटो रजिस्टर करून पाठवला. सोबत चिठ्ठी लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. शेवटी नुसता फोटोच गेला. मालकाचं पत्र माझ्या अर्जाला जोडलं गेलं. त्यात माझ्याबद्दल फार चांगलं लिहिलं होतं.

पोस्टर काढून टाकू या, असं मी मालकाला दोनदा म्हणालो. "लोकांना तो फोटो आवडतो," तो म्हणाला. मी स्वतःच काढायला हवं होतं. स्टूल घेऊन दोन मिनिटांचं काम. पुढे दीड वर्ष मी त्याच्यासमोरून बेंचकडे जात राहिलो. त्या चार ॲम्प्लिफायरपैकी तीन वर्षभरात माझ्याच बेंचवर दुरुस्तीला आले. मी ते नीट करून दिले. एक गिऱ्हाईक म्हणालं, "जपानी आहे, पुन्हा बिघडायचा नाही." त्याच्याजवळही मी काही बोललो नाही.

२०१७ मध्ये आम्हाला रेसिडेन्सी मिळाली. फ्लॅट बुशच्या घरमालकांनी जेवण ठेवलं, पन्नासेक माणसं आली, मुलगी सगळ्यांना "वी आर स्टेइंग!" असं सांगत पळत होती. दुसऱ्या दिवशी मी पेढ्यांचा डबा घेऊन हिल्सबरोला गेलो. दारात आजोबांचे बूट होते, पुसून ठेवलेले, जोडीने. बेल वाजवल्यावर त्यांची मुलगी आली. वेलिंग्टनहून आली असावी. मी माझी ओळख सांगितली. ती तिला आधीच माहीत असावी, असं मला वाटलं.

"बाबा विश्रांती घेतायत," ती म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते. आत चहाची किटली वाजत होती. तिने डबा दोन्ही हातांनी घेतला, आभार मानले आणि दार लावलं.

पुढच्या वर्षी मी दुकान सोडलं. आता मी इमारतींमधले फायर अलार्म बसवतो आणि तपासतो. काम बरं आहे. कार्डं लिहावी लागत नाहीत.

२०१९च्या मार्चमध्ये आजोबांच्या मुलीचा ईमेल आला. माझं पूर्ण नाव तिला फोटोच्या पाकिटावरून मिळालं होतं, ईमेल तिने दुकानात विचारून घेतला. तिने लिहिलं होतं की वडील आदल्या वर्षी जपानला परत गेले, त्यांच्या बहिणीच्या गावी, वृद्धांसाठीच्या एका संस्थेत. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी जे हयात आहेत ते वर्षातून एकदा भेटतात. त्यातल्या एकाच्या नातवाला इंटरनेटवर तो फोटो आणि खालचा मजकूर सापडला. सगळ्यांनी तो वाचला. त्यांची अशी समजूत झाली आहे की वडिलांनी पैसे घेऊन त्यांचे चेहरे आणि त्यांच्या आठवणी त्या बनावट मालासाठी विकल्या. या वर्षीच्या भेटीला वडिलांना बोलावणं आलं नाही. वडील याबद्दल काही बोलत नाहीत. तुम्ही तो मजकूर काढू शकाल का?

मी ईमेल बायकोला वाचून दाखवला. ती मुलीचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, वाळत घालत होती. ओले टॉग्ज तसेच हातात धरून ती उभी राहिली.

"त्यांनी विचारलं होतं तेव्हा खरं सांगितलं असतंस, तर काय केलं असतं त्यांनी?" तिने विचारलं.

"काही नाही. हसले असते बहुतेक."

"मग?"

मी दुकानात फोन केला. मालकाने लगेच ऐकलं. "स्वीट ॲज," तो म्हणाला आणि तासाभरात वेबसाइटवरचं ते पान काढून टाकलं. पण मजकूर एव्हाना कुठेकुठे गेला होता. ते नाव भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या देशांतल्या विक्रेत्यांनी तो उचलला होता, काहींनी शब्दही न बदलता. मी शोधून शोधून प्रत्येकाला लिहिलं. दोघांनी काढला. एकाने उलट विचारलं की तुमच्याकडे या मजकुराचा हक्क आहे का? माझ्याकडे नव्हता. बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही.

मग मी आजोबांच्या सहकाऱ्यांसाठी एक पत्र लिहिलं. पहिला मसुदा लांब झाला होता. त्यात व्हिसा आला, मालक आला, वाळूज आलं. मी ते सगळं खोडलं. जे राहिलं ते एवढं होतं: फोटो त्यांनी मला स्कॅन करण्यासाठी दिला होता. तो आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मी त्यांना न विचारता वापरल्या. त्यांनी काहीही घेतलं नाही. समारंभात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे यंत्र आपल्या ओळखीचं नाही. खाली माझं पूर्ण नाव आणि सही.

आजोबांच्या मुलीने त्याचं जपानीत भाषांतर करून पाठवलं, असं तिने कळवलं. पुढच्या भेटीला त्यांना बोलावलं का, हे मी दोन महिन्यांनी विचारलं. तिचं उत्तर एका ओळीचं होतं. पत्र सगळ्यांना मिळालं आहे, आणि वडिलांची तब्येत आता प्रवास करण्यासारखी राहिलेली नाही.